थापटणं

हिंगोलीकडच्या माणसाला नामदेवांची गोष्ट सांगायला लागत नाही. नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानलं जातं आणि ते कयाधूच्या काठाला आहे. आषाढीची वारी पंढरपूरला झाली की परतवारीला या नर्सीत पाय ठेवायला जागा उरत नाही. तरी ती गोष्ट पुन्हा सांगतो, कारण पुढच्या गोष्टीला तिची गरज आहे.

संतमंडळी गोरोबा कुंभारांकडे जमली होती. मुक्ताबाईंना कोपऱ्यात एक लाकडी थापटणं दिसलं. हे कशाला, असं त्यांनी विचारलं. गोरोबा म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते याने कळतं. मग आमचीही मडकी बघा की, मुक्ताबाई म्हणाल्या. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवांच्या डोक्यावर थापटणं पडलं आणि ते रागावले. हे मडकं कच्चं, असा निकाल लागला. रुसलेले नामदेव पुढे औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, ते गुरूच्या शोधात.

कीर्तनात ही गोष्ट आली की आपण नामदेवांना मनातल्या मनात हसतो. चारचौघांत आपल्या डोक्यावर कुणी थापटलं नाही, तोवर हसायला काय जातं?

आता आपली गोष्ट. हिंगोली आणि नर्सीच्या मधलं कुठलंही गाव धरा. माणसांना नावं देत नाही, वाचणाऱ्याने आपापल्या ओळखीतली घालावीत.

तर एक शेतकरी होता. तीन एकर रान, त्यातल्या दीड एकरात हळद. बाकीच्यात सोयाबीन होतं, ते निघालं आणि विकूनही झालं. 2024 सालचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये, पण आडतीवर तो कागदावरच राहिला. हाती आलेल्या पैशातून खताची उधारी गेली, पोरीची फी गेली. उरले ते चौदा हजार त्याने बायकोच्या हातात दिले आणि सांगितलं, "हे हळद काढायच्या अन् शिजवायच्या मजुरीचे. याला हात लावायचा नाही."

हळदीचं गणित आपल्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. जूनमध्ये बेणं लावायचं, आठ-नऊ महिने सांभाळायचं, फेब्रुवारी-मार्चला काढून शिजवायचं, वाळवायचं, पॉलिश करायचं आणि मग वसमतला नाहीतर हिंगोलीच्या मार्केट यार्डात न्यायचं. साधारण पाच क्विंटल ओली हळद वाळून एक क्विंटल उरते. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेढे वाटले गेले. पण डिसेंबरात गड्डा पोसायच्या वेळी पाणी तुटलं, तर मानांकन काही पाणी द्यायला येत नाही.

आणि डिसेंबरातच त्याची मोटर जळाली.

थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. सकाळी तो रानात गेला तेव्हा सरी कोरडी होती आणि पेटीतून जळका वास येत होता. गावातला मोटरवाला आला, स्टार्टर उघडून हुंगला, मान हलवली. "गेली. पाच एचपीची नवीन टाका. पाइपही जुना झालाय. केबल, पेटी, सगळंच. पन्नास हजार धरून चला."

पन्नास हजार. इथे थोडं थांबून एक बोलावंसं वाटतं. मोठ्या संकटाला आता कुठे ना कुठे दार आहे. दवाखान्याचं आलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची मर्यादा आता पाच लाखांची झाली आहे. 2021 मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या बाळाच्या इंजेक्शनला सोळा कोटी लागत होते, ते अनोळखी लोकांनी मोबाइलवरून उभे केले. बाळाचा फोटो बघून कुणाचं काळीज हललं नाही? लहान खर्च घरातल्या डब्यात भागतो. अडतो तो मधला, अडनिडा खर्च. जळलेल्या मोटरीचा फोटो बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार? सोसायटीचं कर्ज थकलेलं, बँक सातबारा मागणार आणि महिना घालवणार, सावकाराकडे जायचं तर महिन्याला शेकडा तीन-चार रुपये. तोवर गड्डा पोसायचा राहतो.

त्या रात्री त्याला ग्रुप आठवला.

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप, 61 जण. कुणी पुण्याला कंपनीत, कुणी नांदेडला दुकानात, एक वसमतला वायरमन, एक सेनगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मास्तराला सगळे गुरुजीच म्हणायचे, आधी चिडवायला आणि मग सवयीने. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी पुढाऱ्यांवरून भांडण, रात्री शाळेतल्या आठवणी, असा त्या ग्रुपचा दिनक्रम होता.

त्याने तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी टाकलं ते असं: "मित्रांनो, मोटर जळाली. पन्नास हजाराचा खर्च अचानक आलाय. हळद डोळ्यासमोर वाळत चालली. घरात विष खायला पैसा नाही. ज्याला जेवढं जमेल तेवढी मदत करा. तुमचे उपकार विसरणार नाही." खाली फोनपेचा नंबर.

पहिल्या तासात पाच जणांनी पैसे मारले, साडेसहा हजार झाले. एका जुन्या बाकमित्राने हजार, नांदेडच्या दुकानदाराने दोन हजार, एका पोलिसाने पाचशे, असं. पुण्याकडच्या एकाने तर एक शब्द न लिहिता दोन हजार पाठवले. त्यानंतर ग्रुप थंड पडला.

व्हॉट्सॲपने माणसाला एक वाईट सोय करून दिली आहे. आपला मेसेज दाबून धरला की कुणी कुणी वाचला त्याची यादी निघते. तो खाटेवर पडून ती यादी बघत राहिला. 43 जणांनी वाचला होता. त्यातल्या दोघांनी हात जोडले होते. अकरा वाजता कुणीतरी भलताच विनोद टाकला आणि त्याला मात्र चौदा जण हसले.

सकाळी गुरुजींचा मेसेज आला.

"बोअर किती फुटांचा? मोटर वर काढून बघितली का? न काढता जळाली हे कशावरून? दुकानाचं कोटेशन असेल तर टाक. ऑटो लावलेला होता का? आणि स्वतःजवळचे किती घालतोस?"

पाचही प्रश्न त्याला एकदमच लागले. सगळ्यांदेखत. त्याने उत्तर टाकलं, "मी भीक मागितली नाही. चौकशी लावायला मी चोर नाही. ज्यांनी दिले त्यांचे आभार." आणि तो ग्रुपमधून लेफ्ट झाला.

त्याचा राग खोटा नव्हता. पण रागाच्या बुडाशी काय होतं ते त्यालाही त्या वेळी धड दिसलं नाही. पाच प्रश्नांतला एक त्याच्या दुखऱ्या जागेवर बसला होता. ऑटो लावलेला होता. रात्री उठून बोअरवर जायचा कंटाळा म्हणून लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी अशी सोय बऱ्याच जणांनी केली आहे, तशी त्यानेही केली होती. आणि मधूनमधून मोटर बंद पडते म्हणून, एक फेज गेली की मोटर थांबवणारं स्टार्टरमधलं प्रिव्हेंटर दोन महिन्यांपूर्वी बायपास करून घेतलं होतं. त्या रात्री एक फेज गेलेली असणार. मोटर आपली आपण चालू झाली आणि दोनच फेजवर घुरघुरत जळून गेली. हा झोपलेला. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दुसरंही एक होतं. "विष खायला पैसा नाही" असं लिहिलं, तेव्हा ज्वारीच्या कणगीमागच्या डब्यात चौदा हजार होते.

ग्रुप गप्प का बसला याचं कारणही त्याला ठाऊक होतं, फक्त ते आठवायची त्याची इच्छा नव्हती. आदल्या वर्षी याच ग्रुपवर चाकणच्या एका मित्राने लिहिलं होतं, भाऊ आयसीयूत आहे, मदत करा. दोन दिवसांत 38 हजार जमले. याने स्वतः पाचशे दिले होते. पुढे भावाचं काय झालं, पैसे कुठे लागले, काही कळलं नाही. चार महिन्यांनी त्या मित्राच्या स्टेटसवर हार घातलेल्या नव्या कोऱ्या मोटारसायकलीचा फोटो दिसला. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. पण वेगळ्या चार-चार जणांच्या ग्रुपांवर सगळे बोलले, आणि त्या बोलण्यात हाही होता.

संध्याकाळी तो ओट्यावर मान खाली घालून बसला होता. माय शेंगा फोडत होती. तिने विचारलं, तसं त्याने सगळं सांगितलं, म्हणजे गुरुजींचं सगळं सांगितलं. ऑटोचं नाही.

माय म्हणाली, "कामून रागावलास मग?"

"सगळ्यांसमोर इचारलं ना त्यानं. भरवसा नाही म्हणून."

माय काही बोलली नाही. आत गेली, पत्र्याच्या पेटीतून फडक्यात बांधलेली एक वही काढून आणली. त्याच्या लग्नातली आहेराची वही. कडा उंदराने कुरतडलेल्या, पहिल्या पानावर हळदीकुंकवाचं बोट.

"वाच," ती म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं.

तो वाचत गेला. कुणाचे 101, कुणाचे 51 आणि खण, कुणाचे 21 आणि स्टीलचा डबा, चुलतमामाचे 501. प्रत्येक नावापुढे माय न बघता पुढचं सांगत होती. "त्यांच्या पोरीला आपून एकशेएक अन् साडी केली. यांचं राहिलंय, अवंदा लगीन हाय. यानं एकवीस दिलते, पर चार दिवस पाणी भरलं."

दोन पानं झाल्यावर तिने त्याला थांबवलं. "यातलं कुणी म्हणलं का, माझं नाव कामून लिहिता, भरवसा नाही का? मांडवात, माइकवर पुकारून लिहीत होते. सप्त्याची पट्टी फळ्यावर लिहितेत. कुणी किती दिले, तेल किती आलं, महाराजाची बिदागी किती. पाटलाचं बी लिहितेत अन् आपलं बी. उद्या तू पट्टी गोळा केलीस अन् फळा कोरा ठेवलास, तर लोक इचारतील का नाही?"

"पर मी उसनेच..."

"उसने तर उसने. मागायला लाजायचं काही नाही, बाबा. साऱ्या गावानं मागितलंय. झाकून मागायचं नाही, एवढंच."

मग शेंगा फोडता फोडता, वर न बघता तिने विचारलं, "अन् डब्यातले चौदा हजार सांगितलेस का?"

त्याच्या डोक्यावर थापटणं पडलं ते तेव्हा.

त्या रात्री त्याने गुरुजींना फोन केला. दोघांनाही बोलायला जड गेलं. गुरुजी म्हणाले, "मी ग्रुपवर नको होतं विचारायला. फोन लावायला पाहिजे होता. सवय लागली रे, हजेरी घेतल्यासारखं बोलायची." हा म्हणाला, "परत ॲड कर."

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा लिहिलं. या वेळी रडगाणं नव्हतं. "बोअर 200 फूट, मोटर 160 फुटांवर. पाच एचपी, सहा वर्षं जुनी. ऑटो लावला होता, प्रिव्हेंटर बायपास केलं होतं, चूक माझी. मोटर अजून वर काढलेली नाही. मोटरवाला पन्नास हजार म्हणतो, कागद नाही. माझ्याजवळ मजुरीला ठेवलेले चौदा हजार आहेत, ते परवा लपवले होते. तुमच्याकडून साडेसहा आले. बाकी उसने पाहिजेत, हळद विकली की एप्रिलअखेर परत करीन."

पाठवा या बाणावर बोट ठेवायला त्याला पहिल्या मेसेजपेक्षा जास्त वेळ लागला.

पाच मिनिटांत वसमतच्या वायरमनचा फोन. "अरे येड्या, 160 फुटांवरची मोटर न काढता पन्नास हजार कसे झाले? पेटीला हात लावू नको. रविवारी येतो, मेगर घेऊन येतो. चार जण जमव."

रविवारी सहा जण आले. नांदेडचा दुकानदार शटर पाडून आला, गुरुजी आले, पोलिसाची साप्ताहिक सुट्टी होती, तोही आला. वायरमनने आधी केबल तपासली, मेगरचा काटा बघून "हं" म्हणाला आणि मग मोटर काढायला लागले. ज्यांनी कधी बोअरमधून मोटर ओढली नाही त्यांना त्यातली मजा आणि मरण दोन्ही कळायचं नाही. काळा पाइप पाण्याने भरलेला, बुळबुळीत, आणि तो हातावर हात टाकून ओढत रानात लांबवर न्यायचा. पुढचा माणूस हळदीच्या कडेपर्यंत पोचला तरी मोटर वर येत नाही. एकाने लय लागावी म्हणून विठ्ठल विठ्ठल सुरू केलं, दुसऱ्याने त्यात शाळेतल्या पीटीच्या मास्तरांच्या शिट्ट्या घातल्या. दोर दोन ठिकाणी झिजून विरला होता. आणखी महिनाभर राहिला असता, तर मोटर तळाला गेली असती आणि मग खरोखरच पन्नास हजार लागले असते.

मोटर वर आली. वाइंडिंग जळालं होतं, ते खरं. केबलचा खालचा जॉइंट सडला होता. बाकी पंप ठणठणीत, पाइप ठणठणीत.

पिठलं, भाकरी, ठेचा झाला. जेवताना वायरमनने त्याला ऑटोवरून अशा काही शिव्या घातल्या, की माय आतून हसली. "तू एकटा नाहीस," तो म्हणाला, "लाईट आली की डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकदम उठतात. मग डीपी जळते अन् आठ दिवस गाव अंधारात. महावितरणवाले सांगून थकले." ऑटोची वायर त्याने तिथेच कात्रीने कापली आणि तुकडा याच्या खिशात घातला.

चार दिवसांनी ग्रुपवर हिशेब पडला. वाइंडिंग 7,500. केबल 2,800. दोर 600. प्रिव्हेंटर 900. एकूण 11,800. दुकानांच्या बिलांचे फोटो सोबत. पन्नास हजारांचे अकरा हजार आठशे झाले होते, आणि तेवढे पैसे पहिल्यापासून त्याच्या घरात कणगीमागे पडून होते.

साडेसहा हजार त्याने एकेकाला परत मारले. बाकमित्र म्हणाला, राहू दे. पोलीस म्हणाला, पाचशेसाठी काय परत करतो. त्याने ऐकलं नाही. शेवटी राहिला तो चाकणचा. एक शब्द न लिहिता दोन हजार पाठवणारा तोच होता, मोटारसायकलवाला.

पैसे पोचल्यावर त्याचा फोन आला. आधी मोटरीची चौकशी, हळदीची चौकशी. मग जरा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "माझे मागच्या साली 38 जमले होते ना..."

"राहू दे ते."

"भाऊ वारला रे. पैसे जमले त्याच्या तिसऱ्या दिवशी."

याला काय बोलावं सुचेना. त्यांचं घर केव्हाच चाकणला गेलेलं, गावात भाऊबंद उरले नव्हते, बातमी येणार कशी? तो सांगत राहिला. पैसे सगळे दवाखान्याच्या काउंटरवर भरले. बिलं एका पिशवीत ठेवली आहेत, ती पिशवी अजून उघडवत नाही. ग्रुपवर लिहायला दोनदा बसला, पण "वारला" हा शब्द टाइप होईना. आणि मोटारसायकल भावाने बुक केलेली होती. गाडी आली तेव्हा तो नव्हता. घ्यायला हा गेला. शोरूमवाल्या पोराने हार घातला, फोटो काढला आणि याच्याच मोबाइलवरून स्टेटसला टाकला. त्या पोराला काय माहीत?

"कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "पण कुणी इचारलंच नाही."

एकसष्ट जणांचा ग्रुप, वर्षभर. सगळ्यांनी मनात निकाल लावून ठेवलेला. त्यात आपणही होतो हे याला फोन कानाला असताना आठवत होतं. गुरुजींनी मला निदान तोंडावर विचारलं, असं त्याला वाटून गेलं.

"मी ग्रुपवर सांगू का?" त्याने विचारलं.

बऱ्याच वेळाने पलीकडून "सांग" आलं.

त्याने दोनच ओळी लिहिल्या. त्यानंतर ग्रुप पुन्हा थंड झाला, पण हा थंडपणा वेगळा होता. रात्री साडेनऊला गुरुजींनी लिहिलं, "आपण कुणीच फोन केला नाही." त्याखाली कुणी हात जोडले नाहीत, फुलं टाकली नाहीत. पुढच्या रविवारी तिघे जण पुण्याच्या गाडीत बसले.

फेब्रुवारीत हळद निघाली. मजुरीच्या चौदा हजारांतले बरेचसे मोटरीत गेलेले, तेव्हा शिजवण्याच्या वेळी आठ हजार कमी पडले. ते त्याने गुरुजींकडून घेतले, वहीत लिहिले, एप्रिलच्या शेवटी हळद यार्डात गेली त्या दिवशी फेडले आणि वहीत काट मारली. यात सांगण्यासारखं एवढंच.

मग एक संध्याकाळ. दुपारी वादळ होऊन गेलं होतं, लिंबाच्या फांद्या रस्त्यावर पडल्या होत्या, लाईट नव्हती. ग्रुपवर त्यांच्याच वर्गातल्या एकीचा मेसेज आला. कळमनुरीकडे दिलेली, नवरा गेलेला, दोन लेकरं, शिलाईचं काम करते. "घरावरचे पत्रे उडाले. लेकरं शेजारी झोपवलीत. खूप अडचण आहे. जमेल तशी मदत करा. उपकार विसरणार नाही."

त्याने मेसेज दोनदा वाचला. पहिली चाळीस माणसं वाचून गेली असणार, हे त्याला यादी न बघता कळलं. ती आत्ता ती यादी बघत असेल, हेही कळलं.

त्याने लिहायला घेतलं, "किती पत्रे? कितीचे? तुझ्याजवळ किती..."

तिथे थांबला. लिहिलेलं सगळं पुसलं. उठून ओट्यावर गेला, जिथे रेंज नीट येते तिथे, आणि फोन लावला.

"मी बोलतोय. शाळेतला. हो, हळदवाला. लेकरं बरी हायत ना? ... पत्रे किती गेले? ... मोजले नाहीस? मग आत्ता मोज, मी थांबतो. अन् हे बघ, माझी मोटर जळाली होती तेव्हा मी घरातले चौदा हजार लपवले होते. तू लपवू नको. तुझ्याजवळ किती हायत, सांग."

पलीकडे काही क्षण नुसता वारा ऐकू आला. मग पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज, आणि वहीची पानं उलटल्याचा.